वरची कशी आहे?

माझे भावोजी कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर दात उपटतात, तोंडाचा ठसा घेतात आणि पाठवून देतात. पुढचं सगळं भावोजींच्या रस्त्याकडच्या खोलीत होतं. तिथे एक लांब टेबल आहे, मेण वितळवायचा छोटा दिवा आहे, मापाप्रमाणे दात लावून ठेवलेले खण आहेत. भिंतीवरच्या फळ्यांवर आख्ख्या वस्तीचे प्लास्टरचे जबडे ओळीने बसलेले असतात. प्रत्येक साच्याखाली त्यांनी गिऱ्हाइकाचं नाव न लिहिता स्वतः ठेवलेलं टोपणनाव लिहिलंय. ‘बडबड्या’, ‘घोरणारे काका’, ‘खडूस वकील’. वकील स्वतः येऊन आपला साचा शोधत बसले होते आणि त्यांना तो सापडला नाही.

रस्त्याने जाताना भावोजी चेहरे बघत नाहीत, तोंडं बघतात. माणसाचं नाव विसरतील, त्याचा वरचा तिसरा दात विसरायचे नाहीत. गिऱ्हाईक भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, “वरची कशी आहे?” म्हणजे वरची कवळी. आता गंमत अशी की त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी राहते, त्यांची सख्खी मेव्हणी. नवीन गिऱ्हाइकं आधी छताकडे बघत, मग माझ्या ताईकडे. एका निवृत्त पोस्टमननी तर फार विचार करून उत्तर दिलं होतं, “मघाशी जिन्यात भेटली. जरा रागात वाटली.” भावोजी चार दिवस हसत होते. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही, कारण मी खरंच रागात होते.

मी मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका. गळ्यात शिट्टी आणि जिभेवर धार. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, आणि लोकांचं तेवढं एकच म्हणणं मला मान्य आहे. दुसरी माझी ख्याती म्हणजे दात. मुलींना रांगेत उभं करून मी सांगायची, “माझे बघा. सकाळ-संध्याकाळ घासते.” ताईही चारचौघींत अभिमानाने सांगायची, हिचे दात आमच्या आईवर गेलेत.

माझे वरचे सगळेच्या सगळे दात खोटे होते.

चौतिशीत, मुलींना दाखवायची म्हणून शाळा सुटल्यावर एकटीच लाकडी घोड्यावरून उडी मारून बघताना मी तोंडावर आपटले. पुढचे चार तिथेच गेले, उरलेले डॉक्टरांनी काढले. ताई तेव्हा महिनाभर आईकडे होती. भावोजींनी आठवड्यात कवळी करून दिली, आणि अशी करून दिली की आरशालाही संशय येऊ नये. कुणालाही सांगणार नाही असं ते म्हणाले आणि त्यांनी सांगितलं नाही. फळीवर माझ्या साच्याखाली लिहिलंय, ‘गुपित’. ताईने दोनदा विचारलं, हे गुपित कोण. भावोजी म्हणाले, आहे एक नकचढी.

तर असा हा माणूस. एका मंगळवारी सकाळी चहा पिताना त्यांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून चहा गळायला लागला आणि त्यांना कळलंच नाही. जगाची तोंडं बघणाऱ्याला स्वतःचं तोंड वाकडं झालेलं समजलं नाही, ते ताईने पाहिलं. अर्धांगवायूचा झटका होता. तासाभरात आम्ही हॉस्पिटलात होतो, म्हणून जीव वाचला. डावा हात आणि डावा पाय मात्र रुसून बसले.

बोलणं शाबूत होतं. पण ताटलीत वाढलेलं ते बरोबर निम्मं खायचे. उजवीकडचं चाटूनपुसून, डावीकडचं जसंच्या तसं. ताई रडायला लागली, यांची भूक गेली म्हणून. दाढीही अर्धीच करायचे. अर्धा चेहरा साहेबाचा, अर्धा फरार कैद्याचा. तिथे एक डॉक्टर होती, माझ्या खांद्याला लागेल एवढी, म्हणून आम्ही तिला छोटी डॉक्टर म्हणतो. तिने समजावलं की भूक जागेवर आहे. झटक्यामुळे मेंदू डावी बाजू असते हेच विसरलाय. त्यांना दिसतं, पण लक्ष जात नाही. “ताटली फिरवा,” ती म्हणाली, “बस.”

घरी आल्यावर ताईने ताटली फिरवली. भावोजी म्हणाले, “अरे, अजून आहे?” आणि उरलेलं खाऊन टाकलं. मग आम्हाला तो नादच लागला. ताई मुद्दाम त्यांच्या आवडीची पेरूची फोड डावीकडे ठेवायची, फिरवायची, आणि त्यांना रोज नव्याने लॉटरी लागायची. पेपर वाचायचे तेही उजवा अर्धाच. ‘नळाला गढूळ पाणी, महापौर नाराज’ यातलं ते फक्त ‘महापौर नाराज’ वाचायचे. दुसऱ्या दिवशी ‘पुलाला तडा, महापौर नाराज’. एकदा वैतागून म्हणाले, या माणसाला झालंय तरी काय, रोज उठून नाराज. ताई आणि मी स्वयंपाकघरात तोंडावर टॉवेल धरून हसलो. ते दोन महिने आम्ही फार हसलो, कारण माणूस घरी होता.

तिसऱ्या महिन्यात एकदा जेवताना ताईने ताटली फिरवली आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. उजवी बाजूसुद्धा तशीच होती.

मग ते तसंच चालू राहिलं. खाणं चार घासांवर आलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलाला ते नम्रपणे परत पाठवायचे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. गिऱ्हाइकं भेटायला येत, समोर हसत, दात दाखवत, पण भावोजींची नजर कुणाच्या तोंडाकडे जायची नाही. “वरची कशी आहे?” हे शब्द घरातून गेलेच. मला वाटलं हा हट्ट. मी शाळेतल्यासारखी त्यांच्या उशाशी उभी राहिले, शिट्टी फुंकली आणि म्हणाले, उठा, एक-दोन, एक-दोन. त्यांनी पांघरूण डोक्यावर घेतलं. त्या शिट्टीची मला अजून लाज वाटते.

तपासणीला गेलो तेव्हा छोटी डॉक्टरने त्यांना बरेच प्रश्न विचारले. झोप कशी आहे? ठीक. मन लागतं का? ठीक. नको वाटतं का कधी? ठीक. इस्त्रीचा शर्ट घालून, मान हलवत, सगळ्याला ठीक. मनासाठी गोळी देऊ का विचारलं तर म्हणाले, मला कशाला, ज्याला गरज असेल त्याला द्या. मग तिने त्यांना बाहेर बसवलं आणि आम्हा दोघींना आत बोलावलं.

“झटक्यानंतर तिघांतल्या एकाचं मन असं खाली बसतं,” ती म्हणाली. “तो आळस नाही, हट्ट नाही, आजारच आहे. आणि ज्यांचं मन बसलेलंच राहतं ती माणसं पुढे कमी वर्षं जगतात. हात निम्मा सुधारला तरी मला चालेल. मन बसलेलं चालणार नाही. पाच वर्षांनी मला हे याच खुर्चीत हवेत. पण ते म्हणतात सगळं ठीक आहे. ठीक असलेल्या माणसाला मी गोळी कशी घ्यायला लावू?”

जिन्यात ताईने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, “मला ते हवेत गं. हात नसला तरी चालेल, रागावले तरी चालेल, नुसते हवेत.” माझी ताई असं बोलणाऱ्यातली नाही. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

पण माणूस भ्याला म्हणून शहाणा होतो असं थोडंच आहे? आठ दिवसांनी शाळेत एका मुलीने डब्यात अक्रोड आणले. कवच फुटेना. मी म्हणाले, आण इकडे, खरे दात कशाला असतात? आणि चावले. कडकन आवाज झाला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. अक्रोड शाबूत होता.

कवळीचे दोन तुकडे मी रुमालात घेतले आणि उरलेला तास हातवाऱ्यांवर काढला. मुलींना वाटलं मी भयंकर रागावलेय. वर्ग इतका शांत कधीच नव्हता. नऊ दिवसांवर शाळेचे वार्षिक सामने होते आणि मला शिट्टी फुंकता येत नव्हती. फुंकली की सगळा वारा सुटायचा आणि शिट्टी मांजरासारखी फिस्स करायची. दुसऱ्या कुणा कारागिराकडे जावं तर दुपारपर्यंत गावभर होईल. ज्या तोंडाने फुशारकी मारली तेच तोंड घेऊन फिरायचं कसं?

ताई बाहेर गेल्याची खात्री करून मी खाली उतरले. भावोजी भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी म्हणाले, “भावोजी, वरची गेली.” निम्मे शब्द वारा होऊन गेले. ते वळले. कितीतरी दिवसांनी त्यांनी कुणाच्या तरी तोंडाकडे पाहिलं. मी रुमाल उलगडला. चीर बघून ते म्हणाले, “अक्रोड?”

मी मान खाली घातली. नवीन करून द्या म्हणाले. ते म्हणाले, जमणार नाही, एक हात गेलाय. मी म्हणाले, मग सामन्यांत शिट्टी कोण फुंकणार, महापौर? त्यावर ते हसले नाहीत. पण त्यांनी कामाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, “तुला शब्द दिलाय. फळीवरून गुपित काढ आणि दार लावून घे.”

चार दिवस ते रोज तासभर टेबलाशी बसले. मला आत येऊ देत नव्हते. मेणाच्या तळावर एकेक दात मांडायचा, मग ती मेणाची कवळी तोंडात घालून बघायची, जमली तर पुढे पक्की करायची, अशी रीत असते. ताईला ते उठून बसलेत याचंच इतकं अप्रूप की तिने काही विचारलं नाही. तिला मी चिठ्ठी लिहून कळवलं होतं की माझा घसा बसलाय. आयुष्यात पहिल्यांदा मी सलग चार दिवस गप्प होते. ताई म्हणाली, घर कसं शांत शांत वाटतंय.

पाचव्या दिवशी भावोजींनी मला आत बोलावलं. मेणावर मांडलेले दात माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, “झाली पूर्ण.”

त्यांच्या उजव्या बाजूला सात दात होते. काय सुरेख मांडले होते! एकाला किंचित तिरका कल दिला होता, खऱ्या दातांना असतो तसा. आणि डाव्या बाजूला गुलाबी मेण, साफ मोकळं. एकही दात नाही.

काय बोलावं? खरं सांगावं तर माणूस पुन्हा भिंतीकडे वळणार. खोटं सांगावं तर अर्ध्या दातांनी सामने घ्यावे लागणार. मी ठरवलं, छान आहे म्हणायचं. कवळी तोंडात घातली आणि तेवढ्यात समोरचा आरसा दिसला. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात, माझे निम्मेच दिसत होते. मला हसू आवरेना. पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, शेवटी मटकन जमिनीवर बसले. भावोजी दुखावले. म्हणाले, “झालं काय एवढं?” मी कवळी काढली, त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली आणि ताटली फिरवतात तशी फिरवली.

ते बघत राहिले. मग उजव्या हाताचं बोट मोकळ्या मेणावरून फिरवलं, पुन्हा फिरवलं. त्यांचा बोटांवर डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास.

“हे कोणी केलं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही.”

माझं हसू कुठल्या कुठे पळालं. मग ते हळूहळू बोलले, “मला वाटलं पूर्ण झाली. मला हल्ली सगळंच पूर्ण झाल्यासारखं वाटतं गं. आता काही उरलं नाही असं. सकाळी डोळे उघडतात तेव्हा वाटतं, कशाला उघडले.”

मी त्यांचा डावा हात धरला. तो थंड होता. मी म्हणाले, मग डॉक्टरला ठीक का सांगता? त्यांनी माझ्या बोळक्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, “तू मुलींना काय सांगतेस?”

घ्या. माझेच दात माझ्याच घशात घातले. पण मलाही जित्याची खोड आहे. मी तिथल्या तिथे सौदा ठरवला. माझं खोटं मी सांगणार, त्यांचं खोटं त्यांनी सांगायचं, एकाच दिवशी, एकाच खोलीत, आणि पहिली मी.

दुसऱ्या दिवशी छोटी डॉक्टरसमोर आम्ही तिघं बसलो. ताईला काहीच माहीत नव्हतं. डॉक्टरने कागद पुढे ओढला आणि विचारलं, झोप कशी आहे? भावोजी म्हणाले, “ठीक.” सवयच ती. मी उठले, रुमालातून कवळीचे दोन तुकडे काढून डॉक्टरच्या टेबलावर ठेवले आणि जमेल तितक्या स्पष्ट शब्दांत म्हणाले, “हे माझे दात. सोळा वर्षं खरे म्हणून सांगतेय. खोटे आहेत. आणि यांचं ठीकसुद्धा खोटं आहे.”

ताईच्या हातातली पर्स पडली. “आईवर गेलेत म्हणून मी सगळ्यांना सांगितलं,” ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. “गुपित!” आणि ती हसायला लागली. डॉक्टरने पेनाचं टोपण चावत भिंतीकडे तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते. भावोजी त्या तुकड्यांकडे बघत होते. आम्ही तिघी गप्प झालो तेव्हा ते म्हणाले, “झोप येत नाही, डॉक्टर. काहीच ठीक नाही.” आणि मग सगळं सांगितलं, ताईसमोर, न थांबता. ताई त्यांच्या शर्टाची बाही धरून बसली.

गोळी सुरू झाली. डॉक्टरने आधीच सांगितलं होतं, ही जादू नाही, आठवडे लागतात, आणि सोबत काम, व्यायाम, माणसं हवीत. व्यायामवाल्या मुलाला परत बोलावलं. टेबलाच्या डाव्या कडेला ताईने लाल पट्टी चिकटवली. काम करताना आधी लाल शोधायचं, मग तिथून सुरुवात करायची. ती अर्धी कवळी बाजूला ठेवून भावोजींनी नव्या मेणावर माझे सगळे दात मांडले, ताई साचा धरून फिरवत होती, मी शेजारी बसून चुका काढत होते. त्यांनी मला दोनदा बाहेर काढलं. कवळी सामन्यांच्या आदल्या दिवशी तयार झाली. सकाळी मैदानावर मी शिट्टी फुंकली तेव्हा एका मुलीने कानावर हात ठेवले.

पाच आठवडे बाकी काही फरक नव्हता. सहाव्या आठवड्यात एकदा जेवताना ताई ताटली फिरवायला विसरली. भावोजी म्हणाले, “अजून असेल ना?” ताई स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि येताना पेरूच्या दोन फोडी घेऊन आली.

या गोष्टीला आता आठ वर्षं होतील. पाच वर्षांनी ते त्याच खुर्चीत बसले होते. छोटी डॉक्टर म्हणाली, आता पुढच्या पाचांचं बघू. सगळं सरळ गेलं असं नाही. दोनदा मन पुन्हा खाली बसलं, एकदा तर चांगले तीन महिने. पण आता आमची खूण आहे. ते ठीक म्हणाले आणि मला ते खोटं वाटलं की मी फक्त ओठांवर बोट ठेवते, कवळी काढायच्या तयारीत. ते हात जोडतात, “नको, सांगतो.” ती अर्धी कवळी त्यांनी मोडली नाही. ती ‘गुपित’च्या साच्यावर बसवून फळीवर ठेवलीय. गिऱ्हाइकं विचारतात, ही कोणाची? ते वर बोट दाखवतात.

गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. शाळेने शाल दिली, मुलींनी भाषणं केली, मुख्याध्यापिका रडल्या. मी नाही रडले. माझ्या कडक शिस्तीचं कौतुक झालं, दातांचंही झालं. शाळेत अजून कुणाला माहीत नाही, सौदा डॉक्टरच्या खोलीपुरता होता. घरी येऊन शिट्टी खुंटीला टांगली आणि खाली जेवायला बसले. ताईने विचारलं, कसा झाला समारंभ? मी म्हणाले, ठीक. चार घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला. उद्या सकाळी सहाला उठून कुठे जायचं, एवढाच विचार डोक्यात होता.

भावोजी समोर बसले होते. त्यांनी डावा हात उचलला. तो हात अजूनही सावकाश चालतो, वाटेत थोडा थांबतो. टेबलावरून तो माझ्या ताटलीपर्यंत आला, बोटं काठावर टेकली, आणि त्यांनी माझी ताटली फिरवली.

मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, “वरची कशी आहे?”

मी तोंड उघडलं. ठीक म्हणणार होते.

“ठीक नाही, भावोजी,” मी म्हणाले, आणि ताईने खुर्ची माझ्या बाजूला ओढून घेतली.